आपाचा कान

नजमाआपाच्या दुकानात चपला घालून गेलं तरी चालायचं, तोंड मात्र बाहेर ठेवून यावं लागायचं. सामान टेबलावर ठेवायचं आणि गप्प उभं राहायचं. काय बिघडलंय, कधी बिघडलं, कुणाच्या लग्नात बिघडलं, यातलं काही सांगायचं नाही. मी सुरुवातीला सांगायला लागलो तेव्हा आपानं हात वर केला आणि म्हणाली, "तू थांब. आदी त्याला बोलू दे."

तो म्हणजे माझा ट्रायपॉड. आम्ही शूटिंगवाले त्याला स्टँड म्हणतो. मी चकलांब्याचा, लग्नाचं शूटिंग करतो. आमच्या धंद्यात कॅमेरा नवा घेतात, कारण तो पाहुण्यांना दिसतो. स्टँड, त्यावरचं फिरतं हेड, कॅमेरा रुळावरून सरकवायचा स्लायडर हे सगळं वापरलेलं घेतात. पुण्या-हैदराबादच्या कुणीतरी भरपूर वापरून, कंटाळून सोडलेलं सामान आमच्याकडे येतं आणि आल्या दिवसापासून कुरकुरायला लागतं. कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरवावा तर मध्येच अडकतो, मग झटका देऊन सुटतो आणि सुटताना ओरडतो. तो आवाज व्हिडिओत मंगलाष्टकाच्या बरोबरीनं येतो. मंगलाष्टकं म्हणणाऱ्या नवऱ्यामुलाच्या मामाला वाटतं, आपल्या आवाजाची कुणीतरी नक्कल केली.

असं सामान घेऊन आमच्यातला प्रत्येक जण गेवराईला आपाकडे जायचा. जुन्या बाजाराच्या बोळात पत्र्याचं दुकान होतं. पाटीवर अजूनही 'शिलाई मशीन दुरुस्ती' एवढंच लिहिलेलं, कारण दुकान मुळात तिच्या अब्बांचं. आपा डोक्यावरून ओढणी घट्ट घ्यायची, पण उजवा कान कायम ओढणीच्या बाहेर. हेड टेबलावर घट्ट बसवायचं, डोळे मिटायचे, तो उजवा कान जवळ न्यायचा आणि दांडा धरून अगदी सावकाश फिरवायचं. एवढं सावकाश, की आपल्यालाच घाई सुटावी. त्या वेळी बोळातून मोटारसायकल गेली तर ती जाईपर्यंत हात थांबायचा. मग डोळे उघडून निकाल सांगायची. "धूळ न्हाई. आतलं ग्रीस वाळलंय. आन् एक वॉशर उलटा बसवलाय कोणीतरी अकलेनं."

त्यानंतरचा प्रश्न ठरलेला असायचा. "तेल घातलंस?"

सगळे नाही म्हणायचे. आपा हेड उचलून नाकाशी न्यायची. "खोबरेल. बायकोच्या डोक्याला पुरून उरलं वाटतं." मग त्या माणसाला चहा मिळायचा नाही. तिचं म्हणणं साधं होतं. आत ग्रीस वाळून घट्ट झालेलं असतं, त्यावर धूळ बसलेली असते. वरून तेल सोडलं की दोन दिवस बरं वाटतं, मग तेच तेल सगळी धूळ ओढून घेतं आणि आत लगदा होतो. तो वाळला की आधीच्यापेक्षा घट्ट. म्हणून आधी खोलायचं, पेट्रोलनं धुवायचं, दातांच्या जुन्या ब्रशानं कोपरे घासायचे, पुसून कोरडं करायचं आणि मगच नवं ग्रीस. तेही कुठलंही नाही, काकवीसारखं दाट. "साफ करायचा कंटाळा आला की मानूस तेल घालतो," असं ती म्हणायची, आणि घरी भांडी घासताना मला हे वाक्य उगीचच आठवायचं.

हे ज्ञान तिला जन्मानं मिळालेलं नव्हतं. शिलाई मशीन तर तेलावरच चालतं. आष्टीकडच्या कडा गावचा सुदाम, ज्याचा तिथं स्टुडिओ आहे, तो पहिल्यांदा हेड घेऊन आला तेव्हा आपानं शिलाई मशीनचंच पातळ तेल त्यात मनसोक्त सोडलं होतं. हेड लोण्यासारखं फिरायला लागलं. सुदाम खूश होऊन गेला. दुसऱ्या दिवशी एका लग्नात त्यानं कॅमेरा नवरीच्या चेहऱ्यावर लावला आणि पान खायला गेला. आतलं दाट ग्रीस तेलानं पातळ झालेलं, कॅमेरा वजनदार, तो हळूहळू खाली वाकत गेला. व्हिडिओत नवरीचा चेहरा वर वर निघून जातो, मग गळ्यातलं दिसतं, मग शालू, आणि सप्तपदी संपेपर्यंत नुसती जोडवी. नवरीच्या आईनं विचारलं, माझ्या लेकीचा चेहरा कुठं आहे.

ही गोष्ट आपा स्वतः सांगायची, प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला, आणि सांगताना हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. सुदाम समोर असला तर तोही हसायचा. त्या दिवसापासून तेलाशी तिचं वैर. एखाद्यानं दारू सोडावी आणि मग गावभर दारूड्यांना झोडपत सुटावं, तसं तिचं झालं होतं.

आणखी एक तिचं वेड होतं. गिऱ्हाइकाकडून ती लग्नाचा व्हिडिओ मागून घ्यायची आणि पाहायची नाही, ऐकायची. मोबाइल कानाला लावायचा, डोळे बंद. कुठं आवाज येतोय, कॅमेरा फिरताना की वाकताना, हे तिला त्यावरून कळायचं. पण ऐकता ऐकता ती लग्नातच शिरायची. एकदा माझ्या एका शूटिंगमधली पाठवणी ऐकताना म्हणाली, "ही पोरगी रडत न्हाई, रडायचं करती. आवाज बघ, कोरडा हाय. खूश हाय पोरगी." मग आणखी ऐकून, "बाप मात्र रडतोय. त्यो मागं हाय, खांबापाशी." मी घरी जाऊन व्हिडिओ पाहिला तर बाप खरंच मागे खांबाला टेकून होता. शूटिंग मी केलं होतं आणि मला तो दिसला नव्हता.

स्लायडरच्या चाकांतून आणि स्टँडच्या पायांतून अक्षता निघायच्या. कुठं तांदूळ, कुठं ज्वारी. ज्वारीवर तिचा विशेष राग, कारण गोल दाणा घरंगळत कुठंही आत जातो. चिमट्यानं दाणा काढायचा, उजेडात धरायचा आणि म्हणायचं, "कोणाचं लगीन हे? नांदती का पोरगी?" नांदत असली तर दाणा बाहेर चिमण्यांना टाकायचा. नांदत नसली तरी चिमण्यांनाच, पण मग टाकताना चार शब्द नवऱ्यामुलाच्या नावानं.

तिचा नवरा रऊफभाई. बोळाच्या तोंडाशी त्यांचा फळांचा गाडा. मोसंबी, पेरू, दिवाळीच्या आधी सीताफळं. बाजारातले बाकीचे फळवाले घसा ताणून ओरडायचे आणि हा माणूस मोसंब्या पुसून रचत उभा राहायचा. गिऱ्हाइकानं भाव विचारला तर सांगायचा, तोही असा की दुसऱ्यांदा विचारावं लागे. आपा म्हणायची, "ह्यांच्या गाड्यावरची फळं स्वतः चालत गिऱ्हाइकाकडं गेली तरच खपतील." मुलं दोन, मुलगी परभणीला दिलेली, मुलगा हैदराबादला. घरात ही दोघंच.

मागच्या लग्नसराईत मला पहिल्यांदा काहीतरी वेगळं वाटलं. आपानं दुरुस्त करून दिलेला माझा स्लायडर कुरकुरत होता. तिच्या हातून असं कधी होत नसे. मी मनात म्हटलं, माझ्याच हातून धूळ गेली असेल. मग सुदामशी बोलताना कळलं, त्याचंही एक हेड तसंच. गेवराईच्या आणखी एका पोऱ्याचंही. सगळ्यांनी सामान परत नेण्याऐवजी गुपचूप सांभाळून घेतलं होतं. कुणी आवाज बंद करून वरून गाणं टाकायचं, कुणी हेड फिरवायचंच बंद केलं होतं. आपाला सांगायचं कुणी? जिच्यापुढे आम्ही तोंड उघडत नव्हतो, तिला जाऊन "आपा, आवाज येतोय" म्हणायचं? ती विचारायची, "कसं हाय?" आणि आम्ही सगळे म्हणायचो, "एकदम चूप." आमच्याकडे मोठ्या माणसाचा मान असाच ठेवतात आणि त्यात त्या माणसाचं वाटोळं होतं.

दुकानातही बदल दिसत होते. ओढणी दोन्ही कानांच्या मागे गेली होती. आणि आता ती कान जवळ नेत नव्हती. लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर घ्यायची, त्याचं टोक हेडवर टेकवायची आणि मूठ दातांत धरून हेड फिरवायची. मी विचारलं तर म्हणाली, "दातानं जास्त बारीक कळतं." आम्हाला वाटलं नवी युक्ती असेल. पण प्रत्येक वेळी दातात धरणं तिलाही लाजिरवाणं वाटत असावं, चार लोक दुकानात असले की ती टाळायची, नुसतं फिरवून "झालं" म्हणायची. तेच सामान कुरकुरत घरी जायचं.

आणि रऊफभाई ओरडायला लागले होते. गाड्यावरून, बोळातून, दुकानाच्या दारात उभं राहून. "नजमा, च्या आलाय!" सगळा बोळ वळून बघायचा. आम्ही म्हणालो, चला, उशिरा का होईना, धंद्याची अक्कल आली.

मग एक दिवस सुदाम आणि मी एकाच वेळी दुकानात होतो. सुदामचं हेड तयार होतं. आपानं टेबलावर बसवलं, बोट ओठावर ठेवलं आणि म्हणाली, "ऐक." हेड फिरवलं. ते चांगलं लांबलचक कुरकुरलं.

सुदामचं तोंड आंबट झालं. एका क्षणात त्यानं सावरलं आणि म्हणाला, "एकदम चूप हाय, आपा."

पण आपा हेडकडे बघतच नव्हती. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि मी शटरच्या कडीकडे बघायला लागलो. तिनं स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक हेडवर टेकवलं, मूठ दातांत धरली आणि पुन्हा फिरवलं. मग शांतपणे मूठ तोंडातून काढून ओढणीनं पुसली.

"बोलतोय की हा," ती म्हणाली. "कधीपासून? समद्यांचंच बोलतंय का? आन् समदे मला चूप म्हणत होते?"

सुदाम म्हणाला, "आपा, तसं न्हाई, जरासाच..." तिनं हात वर केला. तो थांबला.

तिनं आम्हाला जायला सांगितलं नाही, म्हणून आम्ही उभेच राहिलो. तिनं शटर अर्धं खाली ओढलं आणि अब्बांचं सांगितलं. अब्बांना शेवटची काही वर्षं ऐकू येत नव्हतं. तरी दुकान उघडायचे. पोरं दुकानासमोर येऊन नुसते ओठ हलवायची, आवाज न काढता. अब्बा "हौ, हौ" म्हणायचे आणि पोरं खिदळायची. गिऱ्हाइकं खडखडणारं मशीन उचलून "मस्त चालतंय, चाचा" म्हणून न्यायची आणि बोळाच्या तोंडाशी जाऊन हसायची. ती आत बसून हे बघायची. "मला तसं बसायचं न्हाई," ती म्हणाली. "हाय तेवढं काम करून देते. मग बंद. मोबाइलवाल्याला जागा पायजेच हाय."

सुदाम मोठ्यानं म्हणाला, डॉक्टरला दाखवू. आपानं मान हलवली. "घराण्यातच हाय ते. अब्बा बहिरे, अब्बाचे अब्बा बहिरे. डाक्टर काय नवा कान बसवणार हाय?"

मी घरी आलो आणि माझं जेवणात लक्ष लागेना. दुकान बंद होणार, मग आमचं सामान कुठं न्यायचं, असा विचार पहिल्यांदा आला हे खरं. पण त्याहून जास्त मला ती समोर कुणी नसताना मूठ दातात धरून हेड फिरवताना दिसत राहिली. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

चार-पाच दिवसांनी रऊफभाई एस.टी.नं चकलांब्याला माझ्या घरी आले. हातात सीताफळांची पिशवी. ओट्यावर बसले आणि काहीतरी म्हणाले. मला ऐकू आलं नाही. मी पुढे वाकलो. त्यांनी पुन्हा सांगितलं, आपाला बीडला न्यायचंय, तुझी गाडी आन.

"घसा बसला का, भाई?" मी विचारलं.

"न्हाई," ते म्हणाले. "ह्योच आवाज हाय माजा. तिकडं वराडावं लागतंय."

मला एवढा वेळ लागला कळायला. हा माणूस गेलं वर्षभर ओरडत होता ते मोसंब्यांसाठी नव्हतं. तो मोठ्यानं बोलायचा म्हणून तिला घरात सगळं ऐकू यायचं, आणि घरात ऐकू येतंय म्हणून तिला वाटायचं, कान ठीक आहे, दुकानातच काहीतरी चुकतंय. त्यांनी हे प्रेमानंच केलं होतं आणि त्यामुळेच दुखणं लांबलं होतं.

"ती येईल का पण?"

"माज्या घशासाठी येईल," रऊफभाई म्हणाले. घसा आणि कान यांचा डॉक्टर एकच असतो, हे त्यांनी कुठूनतरी काढलं होतं.

आपा आली. वाटेत रऊफभाईंना खडीसाखर चघळायला देत होती आणि मला सांगत होती, "ह्या वयात धंदा वाढवायची हौस. वराडून वराडून घसा फाडला." ती हे इतक्या मोठ्यानं सांगत होती की मागून येणाऱ्या ट्रकवाल्यालाही कळलं असेल.

डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी रऊफभाईंच्या घशात बॅटरी टाकून बघितलं आणि म्हणाल्या, "सूज आहे. फार ओरडता का?"

"हो."

"कशासाठी?"

रऊफभाईंनी आपाकडे बघितलं. ती भिंतीवरचं कानाचं चित्र बघण्यात गुंग होती, तिला काही ऐकू गेलं नव्हतं. ते हळूच म्हणाले, "आता हिचा कान बघा."

फसवलं गेल्याचं लक्षात आल्यावर आपा उठली, पण रऊफभाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला तशी बसली. बाईंनी एक धातूचा चिमटा घेतला, दोन लांब दांड्यांचा. तो आपटला की घुमायला लागायचा. कानासमोर धरला, आपानं मान हलवली, काही नाही. मग त्याचं बूड कानामागच्या हाडावर टेकवलं. आपाचे डोळे मोठे झाले.

"आता येतंय," ती म्हणाली. "हे तर मी करते. दातात धरून."

काय दातात धरून, हे बाईंना मी सांगितलं. त्यांना हसू आलं. म्हणाल्या, "हाडावाटे ऐकू येतंय म्हणजे नस चांगली आहे. बाहेरची वाट बंद झालीय." मग नळी लावून दोन्ही कानांत बघितलं आणि विचारलं, "कानात काय घालता?"

उत्तर रऊफभाईंनी दिलं. "तेल. लसूण घालून कढवलेलं. दर जुम्म्याला. ल्हानपणापासनं घालती."

बाईंनी समजावलं, आणि ते ऐकताना मला कुठं बघावं कळेना. तेल कानातल्या मळावर साचत गेलं, त्यावर दुकानातली धूळ बसत गेली, सगळं मिळून घट्ट झालं, वर पुन्हा तेल, पुन्हा धूळ. आता त्याचा बोळा होऊन दगडासारखा बसलाय. आपाला यातलं काही ऐकू आलं नव्हतं. ती आमच्या तोंडांकडे बघत होती. शेवटी रऊफभाईंनी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि सुजलेल्या घशानं ओरडले, "तेल सुकलंय! तेल! उसपे धूळ बैठी!"

बाहेर बसलेल्या पेशंटांनीही ते ऐकलं. आपा सावकाश माझ्याकडे वळली. मी हसू दाबायचा प्रयत्न केला आणि तो साफ फसला.

"हसतो काय," ती म्हणाली. "गाडी चालव तू."

त्या दिवशी काही निघालं नाही. बोळा मऊ व्हायला बाईंनी थेंब दिले. आपानं बाटली उलटसुलट करून, वास घेऊन विचारलं, "हे तेल तर न्हाई ना?" काही दिवस कान जास्तच बंद झाल्यासारखा वाटेल, घाबरू नका, असंही बाईंनी बजावलं होतं. पण सांगून काय होतं. थेंब घालायला लागल्यावर आपाला रऊफभाईंचं ओरडणंही ऐकू येईना. तिनं दुकान उघडलं नाही. मी भेटायला गेलो तर खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसली होती. रऊफभाई हातांच्या खुणा करून तिला चहा घे म्हणत होते. ती मला म्हणाली, "नस-बिस काय न्हाई, इष्णू. गेला कान. डाक्टर बाई माज्या समाधानासाठी बोलली." मी बोललो तरी तिला कळणार कसं. मी नुसतीच नाही-नाही अशी मान हलवत राहिलो.

पुन्हा बीडला जायला ती तयार नव्हती. रऊफभाईंनी तिच्या चपला आणून तिच्या पायांत घातल्या, तेव्हा ती गाडीत बसली. या वेळी खडीसाखर नव्हती, बोलणं नव्हतं.

बाईंनी बारीक नळीच्या यंत्रानं काम सुरू केलं. आपानं खुर्चीचा हात घट्ट धरला होता. उजव्या कानातून आधी थोडं काळं निघालं, मग बाईंनी चिमटा घातला आणि एक मोठा बोळा अख्खा बाहेर आला. आपाचं अंग एकदम दचकलं. तिनं मान वर केली आणि छताकडे बघायला लागली. आम्हाला वाटलं दुखलं.

"बाई," ती म्हणाली, "पंख्याचं बेअरिंग बदलून घ्या."

रऊफभाई भिंतीला टेकले. मी बाहेर जाऊन पाण्याच्या माठापाशी उभा राहिलो, कारण माझे डोळे भरले होते. तहान नव्हती तरी दोन पेले पाणी प्यालो. इतकं सुटल्यासारखं मला स्वतःच्या दुखण्यातूनही कधी वाटलं नव्हतं.

मी परत आत गेलो तेव्हा दुसराही कान झाला होता आणि आपा तो बोळा कापसावर घेऊन बघत होती. काडीच्या टोकानं फोडून बघत होती, हेडमधला लगदा बघायची तसाच. आत शिलाईचा धागा होता, लाल. तिनं तो बाईंना दाखवला. मग विचारलं, "म्हातारपणी मानूस बहिरा होतो, ते ह्येच असतंय का?"

"कधी हे असतं, कधी नस कमजोर झालेली असते," बाई म्हणाल्या. "तपासल्याशिवाय सांगता येत नाही."

आपानं मान हलवली आणि कापूस टोपलीत टाकला.

गाडीत बसल्यावर रऊफभाई आनंदानं तिला काहीतरी सांगायला लागले, सवयीप्रमाणे ओरडून. आपानं दोन्ही कानांवर हात ठेवले. "कायकू इत्ता चिल्लारें जी?"

ते थांबले. मग त्यांच्या मूळच्या आवाजात, ज्यासाठी मला आरशातून त्यांच्या ओठांकडे बघावं लागलं, म्हणाले, "तेरेकू सुनने नै आता था."

आपानं वळून त्यांच्याकडे बघितलं. तिला ते ऐकू आलं होतं, एका फटक्यात. मग तिनं खिडकीची काच खाली केली आणि बाहेरचं ऐकत बसली. गाड्यांचे हॉर्न, टायरचा आवाज, कुठलातरी लाऊडस्पीकर. मला वाटलं आता सगळं छान झालं, गेवराई येईल, चहा पिऊ. तर वाटेतल्या गढी गावाच्या अलीकडे ती म्हणाली, "अब्बाच्या कानात मीच घालायचे."

मी गाडी हळू केली.

"दर जुम्म्याला. अम्मी तेल कढवून द्यायची, मी घालायचे. अब्बा मान तिरपी करून बसायचे माज्यापुढं. जास्त ऐकू येईना झालं तसं मी जास्त घालायला लागले." ती रडत नव्हती. तिचा आवाज मात्र कोरडा नव्हता. "कोणी बघितलंच न्हाई त्यांच्या कानात. नस गेलती का तेलच होतं, आता कोण सांगणार?"

रऊफभाई म्हणाले, "तेरेकू क्या मालूम था."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं. मोबाइलवाल्याला निरोप गेला, जागा मिळणार नाही. मग आपानं एकेकाला फोन लावले. सुदामला, मला, त्या गेवराईच्या पोऱ्याला, आणि आम्हाला माहीतही नव्हते अशा कितीतरी जणांना. "माज्याकडनं नेलेलं समदं घेऊन या." गेल्या वर्षभरात खोटं 'चूप' म्हणणाऱ्या प्रत्येकाला तिनं आधी भरपूर झापलं आणि मग त्याचं सामान खोललं. माझा स्लायडर तिनं डोळे मिटून, कान जवळ नेऊन सरकवला आणि म्हणाली, "ज्वारी." खरंच एक दाणा निघाला. सुदामला तिनं चहा दिला नाही. त्यानं तो बाहेर जाऊन प्याला आणि तिथंही हसत होता. रऊफभाईंचा गाडा पुन्हा गप्प झाला, आणि मोसंब्या खपायच्या तेवढ्याच खपू लागल्या.

यंदाच्या लग्नसराईत मी धावपळीत होतो. बरेच दिवस बोळात जाणं झालं नव्हतं. एका सकाळी कॅमेऱ्याची पिशवी घेऊन गेवराईच्या स्टँडवर उतरलो, म्हणजे एस.टी. स्टँडवर, तर बाकावर आपा बसलेली. शेजारी लक्ष्मणकाका शिंपी. अब्बांच्या वेळेपासूनचं तिच्या दुकानाचं गिऱ्हाईक, नव्वदीच्या आसपासचा म्हातारा. त्यांना ऐकू येत नाही हे गावाला माहीत आहे आणि गावानं ते मान्यही करून टाकलंय. आपानं त्यांचं मनगट धरलं होतं, ते उठून जातील अशा भीतीनं.

"कुठं, आपा?"

"बीडला. बाईकडं."

काका माझ्याकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "ही बाई ऐकंना. माज्या कानात आता काय निघायचं? वय झालं."

मीही तिला हळूच म्हटलं, त्यांची नसच गेली असेल, आपा. उगा एवढा प्रवास.

"आसंल," ती म्हणाली. "निघालं तर निघालं, न्हाई निघालं तर न्हाई. पर कोणी बघितलंच न्हाई, आसं नको व्हायला."

गाडी लागली. तिनं काकांना पुढं घातलं, पायरीवर त्यांचा पाय नीट टेकेपर्यंत मागून कंडक्टरला थांब म्हणाली, आणि खिडकीशी बसवलं. गाडी वळताना मला दोघं दिसली. काका काहीतरी तक्रार करत होते. आपानं ओढणी कानामागं सारली होती आणि ते काय म्हणतात ते पूर्ण ऐकून घेत होती.